मॅडम, मला खरंच अटक होईल का?

फोनवर ती कुजबुजत होती. बाहेरच्या खोलीत सासूबाई होत्या. बाळंतपणानंतर नोकरी सुटली, म्हणून तिनं घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम घेतलं होतं. सहा दिवसांत 600 फॉर्म, मिळणार 18,000 रुपये. फॉर्म भरून झाले, वर ‘अचूकता 90 टक्क्यांपेक्षा कमी’ म्हणून नापास. आता ‘कंपनीचे वकील’ धमकावत होते : करारभंग केलात, आज 6,500 भरा, नाहीतर एफआयआर.

नोटीस पाठवायला सांगितली. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, वकिलाचा पत्ता कुठेच नाही आणि तळाला क्यूआर कोड! “अगं, खऱ्या वकिलाच्या नोटिशीवर कधी पैसे भरायचा क्यूआर कोड असतो का?” म्हटल्यावर ती जरा हसली.

अटकेची भीती आधी काढावी लागते, त्याशिवाय पुढचं काही डोक्यात शिरत नाही. नुसता करारभंग ही दिवाणी बाब, त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत. आणि 1872 च्या करार कायद्यानुसार, फसवून घेतलेल्या संमतीवरचा करार फसवलेल्या माणसाला रद्द करता येतो. इथे तर फसवणूक कामातच होती. स्कॅन इतके पुसट की शून्य आणि ‘ओ’ ओळखू येऊ नये, शेवटच्या रात्री पोर्टल बंद. फॉर्म त्यांना नकोच असतात, नापास करणं हाच धंदा.

“मुलाखत झाली? टायपिंगचा वेग विचारला?” नाही. तासाभरात आधार कार्ड आणि सही मात्र मागितली. एका फॉर्मला 30 रुपये कोण देतं, आणि त्या फॉर्मचं करतं काय, हे मी प्रत्येकाला विचारते. आजवर कुणाला उत्तर देता आलेलं नाही.

स्क्रीनशॉट काढ, मग ब्लॉक कर, असं सांगत होते, तेवढ्यात ती थांबली. “एक सांगायचं राहिलं. काल 2,000 भरले. बचत गटाचे.”

खरं ओझं हे होतं. मी फोन ठेवायला लावला : आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लाव, बँकेला कळव, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळलं, तर अडवता येण्याची शक्यता असते. आधारचं बायोमेट्रिकही लॉक करायला सांगितलं. नवऱ्याला कधी सांगायचं, ते तिच्यावर सोडलं.

रात्री तिचा मेसेज आला. वकिलानं नव्या नंबरवरून फोन केला होता. ती म्हणाली, “नोटीस पोस्टानं पाठवा, माझा पत्ता आहेच तुमच्याकडे.” त्यानं फोन कट केला.