संताचं फेस्त नेमकं कुठल्या दिवशी?

प्रश्न: ताई, आमच्या शेजारची मावशी म्हणते फेस्त, म्हणजे ख्रिस्ती संताचा सण, संताच्या पुण्यतिथीला असतं, मग सांजाव, म्हणजे सेंट जॉनचं फेस्त, हा जन्मदिवस कसा काय? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: मावशी बरोबर सांगतात हो! बहुतेक संतांचं फेस्त ते वारले त्या दिवशीच असतं, कारण जुन्या ख्रिस्ती लोकांच्या मते तोच त्यांचा स्वर्गातला जन्म. आपल्या सायबाचंच, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचंच बघा ना, ते 3 डिसेंबर 1552 ला चीनजवळच्या बेटावर वारले, म्हणून ओल्ड गोव्यात फेस्त 3 डिसेंबरला, आणि त्याआधी 9 दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना.

पण सेंट जॉन बाप्तिस्त वेगळे. येशूची आई मारिया जॉनच्या आईला, एलिझाबेथला, भेटायला गेली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या जॉनने आनंदाने उडी मारली असं बायबलमध्ये आहे, म्हणून त्यांचा जन्मही साजरा होतो, 24 जूनला, ख्रिसमसच्या साधारण 6 महिने आधी. आपल्याकडे तेव्हा विहिरी तुडुंब भरलेल्या, डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून पोरं धडाधड उड्या मारतात ना, ती तीच उडी, मला तर हे फार आवडतं! त्यांच्या मृत्यूचा दिवसही आहेच, 29 ऑगस्ट. आणि असाच मारियेचा जन्मही साजरा होतो, 8 सप्टेंबरला.