डीएनएची नक्कल एकदाच का निघते?

प्रश्न : पेशीचे विभाजन होण्यापूर्वी डीएनएची प्रतिकृती तयार होते, हे अकरावीच्या जीवशास्त्रात शिकलो. ती एकदाच व्हावी, याची खबरदारी कोण घेते? ही व्यवस्था बिघडली तर काय होते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मानवी पेशीत प्रतिकृतीचे यंत्र सेकंदाला डीएनएची साधारण ५० अक्षरे (म्हणजे त्याचे घटक) उतरवते. या गतीने आपले सर्वांत मोठे गुणसूत्र एका टोकापासून उतरवायला घेतले, तर सुमारे दोन महिने लागतील. प्रत्यक्षात हे काम आठेक तासांत उरकते, कारण ते हजारो ठिकाणी सुरू होते. खरी अडचण इथेच आहे : यांतले एकही ठिकाण त्याच फेरीत दुसऱ्यांदा सुरू होता कामा नये.

१९७० मध्ये राव आणि जॉन्सन या संशोधकांनी वेगवेगळ्या अवस्थांतील मानवी पेशी एकमेकींत विलीन करून पाहिल्या. प्रतिकृती चालू असलेल्या पेशीशी संयोग होताच, अजून सुरुवात न केलेले केंद्रक वेळेआधीच कामाला लागले. ज्याची प्रतिकृती पूर्ण झाली होती, ते मात्र ढिम्म राहिले. म्हणजे अटकाव त्या केंद्रकातच होता. पुढे १९८८ मध्ये ब्लो आणि लास्की यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कावरील प्रयोगांतून ‘परवान्या’ची कल्पना मांडली : डीएनएला प्रतिकृतीचा परवाना एकदाच वापरता येतो आणि नवा मिळण्यासाठी विभाजन पार पडावे लागते. तपशील पुढे बदलले, पण कल्पना टिकली.

हा परवाना म्हणजे एमसीएम प्रथिनांची कडी. विभाजनाच्या अखेरीपासून पुढच्या पूर्वतयारीच्या काळापर्यंत ओआरसी हा प्रथिनसमूह डीएनएवर बसलेला असतो आणि सीडीसी-६ व सीडीटी-१ या प्रथिनांच्या मदतीने प्रत्येक आरंभस्थानी, म्हणजे प्रतिकृती जिथून सुरू होते त्या ठिकाणी, अशा दोन कड्या चढवतो. कड्या चढल्या तरी काम सुरू होत नाही. त्यासाठी सीडीके या विकराचा जोर वाढावा लागतो. मग कड्या विरुद्ध दिशांना डीएनए उलगडत निघून जातात आणि आरंभस्थान परवान्याविना उरते. गंमत अशी, की जे सीडीके काम सुरू करून देते, तेच नव्या कड्या चढू देत नाही. शिवाय जेमिनिन नावाचे प्रथिन सीडीटी-१ला जखडून ठेवते आणि सीडीटी-१चा बराचसा साठा नष्टही केला जातो. विभाजनात गुणसूत्रे विलग होण्याच्या सुमारास जेमिनिन आणि सीडीकेला चालवणारी सायक्लिन प्रथिने मोडीत निघतात, आणि तेव्हाच परवाने पुन्हा मिळू लागतात. इतके अडसर एकावर एक असणे मला अनावश्यक वाटत नाही. हजारो जागा सांभाळायच्या, तर एका कुलपाच्या भरवशावर राहता येत नाही.

आता बिघाडाविषयी. प्रयोगशाळेत काही मानवी पेशींतील जेमिनिन काढून घेतले, की डीएनएची पुन्हा पुन्हा नक्कल निघू लागते, डीएनएला इजा होते आणि पेशीचक्र अडते. उलट बाजूचा, म्हणजे परवाने देण्यातच कमी पडण्याचा, दोषही आढळतो. ओआरसी, सीडीसी-६ किंवा सीडीटी-१ यांच्या जनुकांतील उत्परिवर्तनांमुळे मायर-गॉर्लिन हा दुर्मीळ विकार होऊ शकतो. त्यात उंची खुंटते, कान लहान राहतात आणि गुडघ्याची वाटी लहान असते किंवा नसतेच.