वाचकांचे प्रश्न : समोर असून न दिसणारे कोळी

प्रश्न : परसातल्या एका गोल जाळ्यात मधोमध कचऱ्याची उभी रेघ असते. झाडून टाकली तरी काही दिवसांत पुन्हा तयार होते. पण कोळी कधीच दिसत नाही. तो असतो कुठे? (वाचक, सातारा)

उत्तर : त्या रेघेतच! हा सायक्लोसा गटातला कोळी. खाऊन झालेल्या किड्यांची सालपटं, पंखांचे तुकडे आणि कित्येकदा स्वतःच्या अंड्यांच्या पिशव्याही मादी रेशमाने एका ओळीत बांधते. चिकट धागे ती वरचेवर नव्याने विणते, रेघ मात्र तशीच ठेवते. रेघेच्या मधल्या फटीत पाय अंगाशी घट्ट मिटून बसली की तीही कचऱ्याचाच एक गोळा वाटते. तिचं अंग जेमतेम काही मिलिमीटरचं असतं.

शोधायचं असेल तर जाळ्यामागे काळा कागद धरा आणि गवताच्या काडीने जाळ्याची कड हलकेच छेडा. ती अंग झटकून जाळं थरथरवते आणि तिथेच पकडली जाते. काडी जोरात लागली तर मात्र ती धाग्यावरून खाली उतरते. मग पाचोळ्यात ती सापडणं अवघड.

ही रेघ नेहमी लपण्यासाठीच असते असं नाही. तैवानमध्ये सायक्लोसा मुलमेनेन्सिस या जातीवर झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. या जातीची मादी साधारण आपल्याच आकाराचे गोळे करते. गोळे असलेल्या जाळ्यांकडे गांधीलमाश्या जास्त आल्या, पण त्यांचे हल्ले गोळ्यांवर झाले. म्हणजे इथे जाळं उलट जास्त नजरेत भरतं, वार मात्र चुकीच्या जागी पडतो. तेव्हा ती रेघ झाडू नका. तो कोळ्याचा कित्येक दिवसांचा साठा असतो.

प्रश्न : पांढऱ्या फुलावरचा पांढरा खेकडा-कोळी मुलांनी झेंडूवर आणून ठेवला. दोन दिवसांत रंग बदलला नाही. हे खेकडा-कोळी रंग बदलतात, हे खोटं आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : खरं आहे, पण सरड्यासारखं झटपट नाही, आणि सगळ्या जातींना ते जमतही नाही. सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या मिसुमेना वाटिया या जातीचा. तिच्या मादीला पांढऱ्याचं पिवळं व्हायला साधारण १० ते २५ दिवस लागतात, पिवळ्याचं पांढरं व्हायला सहाएक दिवस. पांढरेपणा येतो कातडीखालच्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या स्फटिकांमुळे. पिवळं रंगद्रव्य बाहेरच्या थरात आलं की ते स्फटिक झाकले जातात, आत ओढून घेतलं की पुन्हा दिसू लागतात. कोळी बराच काळ पांढरा राहिला तर ते रंगद्रव्य विष्ठेवाटे निघून जातं. मग पिवळं व्हायचं तर ते नव्याने तयार करावं लागतं, म्हणून उशीर. या जातीकडे पांढरा आणि पिवळा एवढेच रंग आहेत. लाल जास्वंदीवर ठेवून ती लाल होणार नाही.

मुलांना प्रयोग करायचाच असेल तर कोळी हलवू नका. ज्या फुलावर तो आपणहून बसला असेल तिथेच, रोज एकाच वेळी, सारख्या उजेडात फोटो काढा. डबीत रंगीत कागद घालून ठेवलेला कोळी उपाशी मरू शकतो.

आणखी एक गोष्ट. आपल्या डोळ्यांना फुलात विरघळलेला दिसणारा कोळी मधमाशीलाही तसाच दिसतो, हे गृहीत धरू नये. मधमाशीला अतिनील किरण दिसतात. ऑस्ट्रेलियातला थॉमिसस स्पेक्टाबिलिस हा पांढऱ्या फुलावरचा पांढरा कोळी अतिनील प्रकाशात पाकळ्यांच्या तुलनेत चमकतो. माश्या त्या चमकीकडे ओढल्या जातात. पक्ष्यांनाही अतिनील प्रकाश दिसतो, म्हणून कुठल्याही कोळ्याला ‘बेमालूम’ म्हणण्याआधी कोणाच्या नजरेला, हे विचारायला हवं.

प्रश्न : आंब्याच्या खोडावर कोळी असतात म्हणतात. आम्हाला सालच दिसते! (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : समोरून टॉर्च मारलात तर सालच दिसेल. टॉर्च खोडाला जवळजवळ टेकवून उजेड तिरपा सोडा आणि सालीवरून हळूहळू सरकवा. सालीचे उंचवटे लांब सावली टाकतात. हर्सिलिया हा दोन शेपट्यांचा कोळी मात्र इतका चपटा की त्याची सावली नावापुरतीच पडते. सावली लपवणं हाच त्याचा खरा डाव, दगडफुलासारखा करडा-हिरवट रंग त्यानंतरचा. ओळखायची खूण म्हणजे मागे निघालेल्या दोन लांब रेशीमनळ्या आणि पायांची आखूड तिसरी जोडी. तो बहुधा डोकं खाली करून बसतो. चाहूल लागली की गर्रकन खोडाच्या दुसऱ्या बाजूला पळतो, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी जा.

पोल्टिस गटातले कोळी दिवसा शोधत बसू नका. दिवसभर ते वाळक्या फांदीवर पाय गुंडाळून तुटक्या खुंटासारखे चिकटलेले असतात आणि अंधार पडल्यावर जाळं विणतात. रात्री जाळं सापडलं की जवळच्या फांदीला सुतळी बांधून ठेवा, सकाळी त्या फांदीचा प्रत्येक खुंट तपासा.

प्रश्न : कोळी एवढे लपतात, तरी कुंभारीण माशीच्या मातीच्या घरट्यात कोळ्यांचा ढीग कसा निघतो? (वाचक, मडगाव)

उत्तर : कारण माशी फक्त डोळ्यांवर विसंबत नाही. पानांवरून, सालीवरून चालत ती मिशांनी चाचपते, वास घेते. चिमणी किंवा सरड्यापुढे निश्चल बसणं उपयोगी पडतं, माशीने मिशी टेकवली की ते संपलं. दंशाने लुळा केलेला कोळी ती घरट्याच्या कप्प्यात भरते, त्यावर अंडं घालते आणि तोंड मातीने लिंपते. एका कप्प्यात सहज दहा-बारा कोळी निघतात. अळी बाहेर पडेपर्यंत ते जिवंत, म्हणजे ताजे राहतात. रिकामं झालेलं जुनं घरटं फोडून पाहायला हरकत नाही. ज्याच्या तोंडाला भोक पडलेलं नाही, ते मात्र फोडू नका. आत अळी असते.