मुलांना संत सांगताना

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तिसरी-चौथीचा धर्मशिक्षणाचा वर्ग फादरांनी तुझ्याकडे दिला हे कळलं. शाळेतला मूल्यशिक्षणाचा तासही तुझ्याचकडे, म्हणजे आठवड्यातून दोनदा संतांची गाठ. तू पाठवलेली यादी वाचली. बारा महिने, बारा संत. प्रत्येकाचा जन्म, कार्य, चमत्कार, मृत्यू. वहीत छान दिसेल. पण आठ वर्षांच्या पोराच्या हाती त्यातलं काय लागणार?

माझं ऐकशील तर अख्खं चरित्र सांगूच नकोस. एकच प्रसंग घे. असा, की त्या माणसाला तिथे वेगळंही वागता आलं असतं. नेमकं तिथे थांब आणि विचार, "तुम्ही काय केलं असतं?" मग पोरं बोलतात ते ऐक.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या तेरेजाचंच घे. (मदर तेरेसा वेगळ्या, हे पहिल्याच दिवशी सांगून टाक, नाहीतर वर्षभर घोळ.) ती लहानपणी काही गरीब गाय नव्हती. मोठ्या बहिणीनं बाहुलीच्या कपड्यांची, चिंध्यांची टोपली पुढे धरली आणि "काय हवं ते घ्या" म्हटलं. दुसऱ्या बहिणीनं, सेलिननं, एक गोंड्याची गुंडी उचलली. तेरेजानं अख्खी टोपलीच उचलली, "मला सगळंच हवं!" हे ऐकल्यावर वर्गातली निम्मी पोरं शेजारच्याकडे बोट दाखवतात. पुढे हीच मुलगी मठात गेली. तिथे कपडे धुताना समोरची सिस्टर रुमाल असे आपटायची की घाण पाण्याचे शिंतोडे हिच्या तोंडावर. मागे सरून तोंड पुसलं असतं तर समोरचीला बरोब्बर समजलं असतं. तिनं पुसलं नाही, शिंतोडे घेत राहिली. १८९७ मध्ये क्षयानं गेली तेव्हा फक्त चोवीस वर्षांची होती, पण वर्गात ते एका वाक्यात आटप. शिंतोड्यांवर दहा मिनिटं घालव. बाकावर कोपर लागलं म्हणून रोज तक्रार घेऊन येणारी पोरं तुझ्यासमोर बसलेली असतात, त्यांना हा संत लगेच कळतो.

मुलग्यांना डोमिनिक साव्हियो. त्याच्या शाळेतल्या दोघांचं घरच्यांच्या अपमानावरून बिनसलं आणि दगडांनी लढायचं ठरलं. हा तिथे गेला, हातात क्रूस घेऊन मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, पहिला दगड मला मारा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरची फुटबॉलमधली पेठापेठांची खुन्नस आपल्या पोरांना दुधाच्या दातांपासून ठाऊक असते, त्यामुळे हे समजावून सांगावं लागत नाही. पण त्याच डोमिनिकचं दुसरंही सांग. देवासाठी त्रास सोसायचा म्हणून तो अंथरुणात दगड, लाकडाचे तुकडे घालून झोपायचा. त्याच्या शाळेचे प्रमुख डॉन बॉस्को यांनी ते बंद करायला लावलं. अभ्यास कर, प्रार्थना कर, पोरांत खेळ, आनंदी राहा, असं त्यांचं सांगणं. चौथीतली एखादी भाविक पोर उपाशी राहायला लागते, तेव्हा हे कामी येतं.

हौतात्म्याच्या कथांचा मला या वयासाठी जरा वैतागच आहे. लॉरेन्सला जाळीवर भाजलं, सेबॅस्टियनला बाण मारले. पोरं डोळे विस्फारून ऐकतात, आणि बाण तेवढे लक्षात राहतात. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया मात्र सोडू नकोस. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेला, १८६२ ला संत ठरला. त्याचं मरण एका वाक्यात सांग आणि मग सांग की लहान वयात जपानला गेलेला हा माणूस जपानी शिकला, आणि पुढे फ्रान्सिस्कन संघाच्या फादरांचं बोलणं तोच लोकांना समजावून देऊ लागला. निपाणीकडून आलेली, घरी कानडी बोलणारी एखादी पोर वर्गात गप्प बसलेली असेल. तिच्याशेजारी कोण बसणार, हा प्रश्न त्या दिवशीचा गृहपाठ.

पाठांतर न होणाऱ्यांसाठी बर्नाडेट आहे. १८५८ मध्ये फ्रान्समधल्या लूर्दला मरियेचं दर्शन झालं तेव्हा चौदा वर्षांची होती. धर्मशिक्षण डोक्यात शिरत नव्हतं, पहिला ख्रिस्तप्रसादही झालेला नव्हता.

इटलीचा कार्लो आकुतिस सध्या सगळ्यांना हवा आहे. १९९१ ते २००६, आणि ७ सप्टेंबर २०२५ ला संतपद. जीन्स घालणारा, कॉम्प्युटरवाला. पोरांना तो आवडतो तसा पालकांनाही, कारण तो प्लेस्टेशन आठवड्यातून एकच तास खेळायचा. तेवढंच घेऊन मोबाइल काढून घ्यायला त्याला पुढे करतील. तू करू नकोस. संताचं नाव घेऊन पोराला खाली बघायला लावलं की त्या पोराचा संत संपला. खाऊच्या पैशांतून त्यानं मिलानच्या बेघरांसाठी स्लीपिंग बॅगा घेतल्या, ते सांग.

आता शाळेच्या तासाचं. तिथे बहुतेक मुलं ख्रिस्ती नाहीत. संताला प्रार्थना करा, असं तिथे म्हणायचं नाही. धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही हे घटनेच्या कलम २८ मध्येच आहे, आणि तसं नसतं तरी शोभलं नसतं. गोष्ट सांग. तूरच्या मार्टिननं आमियांच्या वेशीवर थंडीनं कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला आणि अर्ध्या झग्यातल्या त्याला बघून लोक हसले. तेव्हा त्याचा बाप्तिस्माही झाला नव्हता. कोणीतरी हमखास म्हणेल, "बाई, एकनाथांनी गाढवाला पाणी पाजलं तसंच." म्हणू दे. त्याच्याकडून ती गोष्ट पूर्ण ऐकून घे. "अख्खा झगा का नाही दिला?" असंही कोणी विचारेल. घाईनं उत्तर देऊ नकोस. त्यावर वर्ग अर्धा तास भांडू शकतो.

आणि हो, असिसीच्या फ्रान्सिसनं गुब्बिओ गावच्या हिंस्र लांडग्याला शांत केलं, ही दंतकथा आहे, तशीच सांग. "खरंच झालं का?" असं विचारणाऱ्याला गप्प बसवू नकोस.

१ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, संतांची वेशभूषा ठेवणार आहेस म्हणे. भाड्याचे पोशाख नकोत, चारशे-पाचशेला बसतात आणि गरिबाच्या आईला लाज वाटते. मार्टिनला घरातली जुनी शाल पुरे. फक्त कात्री तू आपल्याकडे ठेव. नाहीतर गल्लीभर आया माझ्या दारात येतील.

तुझ्या,
बाई