पट्टीवर मोजताना उत्तर एकाने का चुकतं?

दुसरीतल्या एका मुलाच्या आईची काळजी अशी होती : “पेन्सिलीची लांबी मोजायला सांगितली की कधी एक सेंटिमीटर जास्त सांगतो, कधी एक कमी. बेरीज-वजाबाकी व्यवस्थित करतो. मग एवढं साधं का जमत नाही? याला गणिताची काही अडचण आहे का?” सहा ते आठ वर्षांच्या मुलांचे पालक हे वरचेवर विचारतात. म्हणून ओळख पटणार नाही इतपत तपशील ठेवून ही हकीकत सविस्तर देत आहोत.

वही चाळल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की प्रत्येक चूक एकाचीच होती. अंदाजाने ठोकून देणाऱ्या मुलाची उत्तरं दोन, तीन, पाच अशी कशीही भरकटतात. हा मुलगा मात्र कुठलातरी नियम पाळत होता. तो नियम कोणता, हे चूक-बरोबर न म्हणता त्याच्या हातांकडे पाहूनच कळणार होतं.

आधी सारख्या लांबीच्या दोन काड्या शेजारी ठेवल्या आणि एक थोडी पुढे सरकवली. “आता कुठली लांब?” पाच-सहा वर्षांची बरीच मुलं पुढे गेलेली काडी लांब म्हणतात, ती फक्त पुढचं टोक पाहतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचारातला हा टप्पा दाखवून दिला आहे. या मुलाने “दोन्ही सारख्याच, नुसती सरकवलीये” असं लगेच सांगितलं. म्हणजे पाया पक्का होता.

मग एक लांब रेघ आगपेटीच्या काड्यांनी मोजायला दिली. इथे त्याने काड्यांमध्ये बोटभर फटी सोडल्या, दोन काड्या एकमेकींवर चढवल्या आणि तरीही “पाच” असं ठामपणे सांगितलं. त्याच्या लेखी मोजणं म्हणजे वस्तूंची संख्या सांगणं. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत झाकली गेली की नाही, याच्याशी त्या पाचाचा संबंध नव्हता.

सगळ्यात जास्त कळलं ते मोडक्या पट्टीने. सुरुवात तुटलेल्या पट्टीवर एक कागदी पट्टा 3 पासून 9 पर्यंत ठेवला. आधी उत्तर आलं नऊ. “पट्टा कुठून सुरू होतो, बघ बरं” म्हटल्यावर त्याने बोटाने रेघा मोजल्या : 3, 4, 5, 6, 7, 8, 9. उत्तर, सात. खरी लांबी सहा. तो रेघा मोजत होता आणि लांबी तर दोन रेघांमधल्या जागेत असते. सहा घरांना सात रेघा लागतात.

‘एक जास्त’चा उलगडा इथे झाला. ‘एक कमी’चा उलगडा घरच्या मदतीत होता. मोजायची सुरुवात तो 1 पासून करायचा, म्हणून आईने सांगितलं होतं, “शेवटी एक वजा कर.” शाळेत बाईंनी 0 पासून ठेवायला शिकवलं. मग सात सेंटिमीटरची वस्तू तो 0 पासून ठेवून बरोबर सात वाचायचा आणि आईचं ऐकून सहा लिहायचा. युक्ती मनापासून दिलेली होती, पण कारण न कळता पाठ झालेली युक्ती नको तिथेही वापरली जाते. ती त्याच दिवशी बंद करायला सांगितलं.

पुढचे काही आठवडे पट्टी बाजूला ठेवून घरी आठवड्यातून तीनदा, दहा-दहा मिनिटं काम करायचं ठरलं. जाड कागदाचे 2 सेंटिमीटर लांबीचे दहा तुकडे कापायचे, पाच लाल, पाच पिवळे. 1 सेंटिमीटरचे तुकडे लहान बोटांत धरवत नाहीत, म्हणून दोनचे. वस्तूच्या टोकाला टोक लावून, एक लाल एक पिवळा, फट न ठेवता आणि न चढवता मांडायचे. रंग बदलल्यामुळे मुलाला ‘घर’ दिसतं. एखादं वाकडं मांडलं तर लगेच सरळ करू नका, “इथे काय राहिलं?” एवढंच विचारा.

हे जमलं की एकच तुकडा द्यायचा. तो पुढे पुढे ठेवत मोजायचं, दरवेळी कडेला पेन्सिलीची खूण करून. खूण न करता तुकडा उचलला की पुढचा कुठे ठेवायचा याचा अंदाज चुकतो आणि दोनदा मोजल्यावर दोन उत्तरं येतात. ते होऊ द्या. खूण का करायची, हे त्यातून जितकं पटतं तितकं सांगून पटत नाही.

याच काळात एकच टेबल आधी अख्ख्या पेन्सिलीने आणि मग कागदाच्या छोट्या क्लिपांनी मोजून घ्यायचं. क्लिपांचा आकडा मोठा येतो आणि बरीच मुलं म्हणतात, “क्लिपांनी टेबल मोठं झालं.” इथे थांबून बोलणं फार गरजेचं आहे. माप लहान असेल तर आकडा मोठा, हे उमजायला वेळ लागतो, आणि ते उमजल्याशिवाय सेंटिमीटर-मीटर नुसतं पाठांतर राहतं.

नंतर रंगीत तुकडे एका लांब कागदावर चिकटवून मुलाने स्वतःची पट्टी करायची. आकडा तुकड्याच्या मध्ये लिहायचा नाही. प्रत्येक तुकडा जिथे संपतो तिथे लिहायचा. आणि सुरुवातीला 0, कारण तिथे अजून एकही घर संपलेलं नाही. खरी पट्टी याच्यानंतर. तिच्यावरही सुरुवातीला एक सोडून एक सेंटिमीटर मार्करने रंगवा. बऱ्याच प्लास्टिकच्या पट्ट्यांवर 0 ची रेघ कडेपासून किंचित आत असते, तेवढी मुद्दाम दाखवा. वस्तू कडेला लावल्याने येणारी चूक मुलाच्या समजुतीची नसते, पट्टीच्या रचनेची असते.

पुन्हा भेट झाली तेव्हा मोडक्या पट्टीवर त्याने 3 आणि 9 वर बोटं ठेवली, मधली घरं मोजली आणि सहा सांगितलं. नंतर 4 ते 11 दिल्यावर न मोजता वजाबाकी केली. ही वजाबाकी त्याची स्वतःची होती.

आईच्या मूळ प्रश्नाचं उत्तर : एवढ्यावरून गणिताची अडचण मानू नये. मात्र वस्तू एकेक करून मोजताना आकडा सतत चुकत असेल, दोन लहान संख्यांतली मोठी कोणती हे सांगता येत नसेल, आणि असा सराव काही महिने होऊनही फरक पडत नसेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. त्याआधी डोळे तपासावेत. पट्टीवरच्या बारीक रेघा नीट दिसत नसतील, तर मोजणं चुकणारच.