डॉक्टरांनी चिठ्ठीच दिली नाही, तर दाद मागता येते का?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय: सासूबाई 62 वर्षांच्या, बीपी आणि शुगर जुनी. गुडघेदुखीसाठी सात महिने गावाजवळच्या दवाखान्यात जात होत्या. दर वेळी एक इंजेक्शन, कागदी पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या, शिवाय दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकलमधून पाच-सहा पाकिटं. पायांवर सूज आली, उलट्या सुरू झाल्या. मिरजेला नेल्यावर क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतं ते दाखवणारी रक्ततपासणी) 5.2 निघालं, आता डायलिसिस चालू आहे. डॉक्टर म्हणतात, 'मी ताकदीच्याच गोळ्या दिल्या.' चिठ्ठी एकही नाही. सासरेही तिथलीच औषधं घेतात. केस होईल का?

ताई, आधी सासऱ्यांचं बघा. त्या पुड्यांत स्टिरॉइड असेल आणि ते महिनोन्‌महिने चालू असेल, तर एकदम बंद केल्यानं जिवावर बेतू शकतं. पुड्या घेऊन त्यांना मिरजेच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तसंच बंद करा.

आता केसचं. होईल, पण 'किती औषधं दिली' एवढ्यावर ती टिकणार नाही. सहा-सात गोळ्या लिहिणं हा निष्काळजीपणा नाही. साठीतल्या मधुमेही माणसाला कधी कधी तेवढ्या लागतात. प्रश्न वेगळा आहे. बीपी-शुगर असलेल्या बाईंना वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने देताना डॉक्टरांनी मूत्रपिंडाची साधी रक्ततपासणी केली का? डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं. जोडीला बीपीची काही औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर धोका आणखी वाढतो. हे प्रत्येक डॉक्टरला शिकवलेलं असतं. तरीही तपासणी केली नसेल, तर तुमची केस तिथं आहे. मूत्रपिंड शुगरमुळेच गेलं, असं समोरून म्हटलं जाईल. म्हणून आधीचा एखादा चांगला रिपोर्ट घरात असेल तर तो सोन्यासारखा जपा.

'या भागात सगळेच असं देतात' हेही ऐकायला मिळेल. ते खरं असेलही. जगात दिल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त औषधांचा वापर अयोग्य असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्याची सर्वांत मोठी झळ आपल्यासारख्या, औषधाचा पैसा स्वतःच्या खिशातून भरणाऱ्या देशांना बसते. पण जिथं भरपाईची तक्रार करायची, तो ग्राहक आयोग रूढी बघत नाही. वाजवी कौशल्याचा डॉक्टर काय करेल, ते बघतो. कोलकात्यात अनुराधा साहांना 1998 मध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन नको तितक्या मात्रेत दिलं गेलं. त्या वारल्या. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये सुमारे 6 कोटींची भरपाई दिली. तुमच्या प्रकरणात आकडा तसा येणार नाही. नुकसान आणि मिळकत पाहून तो ठरतो.

चिठ्ठी नसली तरी पुरावा असतो. पुड्या आणि रिकामी पाकिटं फेकू नका. तारीख लिहून ठेवा. औषध कायद्याच्या कलम 26 खाली फी भरून औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देता येतं. मेडिकलच्या बिलाच्या प्रती मागा. सेफिक्सिमसारखं प्रतिजैविक दिलं असेल, तर ते 'एच-1' या कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत येतं आणि मेडिकलवाल्याला त्याची नोंद डॉक्टर व रुग्णाच्या नावासह वेगळ्या वहीत तीन वर्षं ठेवावी लागते. दवाखान्याला फोनपेवर दिलेले पैसे, सोबत गेलेल्या शेजारणीचं शपथपत्र हेही चालतं. डॉक्टरांना पोच घेऊन लेखी अर्ज द्या. मागितलेले कागद 72 तासांत द्यावेत असा नियम आहे. दिले नाहीत, तर तेच आयोगापुढे मांडायचं.

डॉक्टरांची पदवी तुम्ही कळवलेली नाही. होमिओपॅथनं ॲलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालय 1996 मध्ये म्हणालं. मात्र महाराष्ट्रात काहींना अटींवर परवानगी आहे. नोंदणी तपासल्याशिवाय आरोप लिहू नका.

तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. मुदत 2 वर्षांची. मिरजेचा रिपोर्ट आला त्या दिवसापासून मोजा, पण शेवटपर्यंत थांबू नका. दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर आयोगाची फी नाही. मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तक्रार होऊ शकते, मात्र तिथून भरपाई मिळत नाही. फौजदारीच्या मागे लागू नका. तिथं घोर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. आणि दिरांना 'दवाखाना फोडू' म्हणण्यापासून आवरा. डॉक्टर-दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्यानं त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय नुकसानीची दुप्पट भरपाई.

तक्रारदार सासूबाईच असाव्यात. त्या महिला असल्यामुळे उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. डायलिसिस चालू असताना त्यांना प्रत्येक तारखेला आणायची गरज नाही. अधिकारपत्र घेऊन तुम्ही उभ्या राहू शकता. ते अधिकारपत्र त्यांना पूर्ण वाचून दाखवा, मगच सही घ्या.