ब्रॅकेट सारखा का निघतो? वाचकांचे प्रश्न

मुलीच्या दातांना तार बसवून दोन महिने झाले. खालच्या एका दाढेवरचा ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) तीनदा निघाला. दर वेळी खानापूरहून बेळगाव गाठावं लागतं. सिमेंट हलकं वापरलं असेल का? (एक आई, खानापूर)

ताई, सिमेंट हलकं असतं तर बाकीचेही ब्रॅकेट निघाले असते. एकच सारखा निघतोय, म्हणजे अडचण त्या जागेची आहे. तिथे लाळ पटकन साठते आणि चावताना वरची दाढ थेट ब्रॅकेटवर येते.

ब्रॅकेट लावण्याआधी दातावर फॉस्फोरिक आम्लाची जेल १५ ते ३० सेकंद ठेवतात, मग धुऊन वाळवतात. दात खडूसारखा पांढरा दिसतो, कारण एनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणावर, सूक्ष्म छिद्रं पडलेली असतात. त्यांत रेझिन हा पातळ चिकट पदार्थ शिरतो आणि निळ्या प्रकाशाने कडक होतो. मधल्या काळात लाळ लागली की छिद्रं बुजतात; पुन्हा आम्ल लावण्यावाचून इलाज नाही.

निघालेला ब्रॅकेट टाकू नका, डबीत घालून न्या. त्याच्या पाठीला बारीक जाळी असते. सिमेंट जाळीवर आणि दात स्वच्छ, तर पकड दाताकडून सुटली; बहुतेक ओलाव्यामुळे. सिमेंट दातावर आणि जाळी मोकळी, तर चावण्याचा जोर पडलाय किंवा सिमेंट आतपर्यंत कडक झालेलं नाही. जोराचं कारण असेल तर मागच्या दाढांवर थोडं सिमेंट ठेवून चावा उचलून घेता येतो. हे डॉक्टरांना जरूर विचारा. तोवर गोकाकचा करदंट आणि दाताने सोलायचा ऊस बंद. भाकरी आमटीत कुस्करून खुशाल खाऊ द्या.

एक डॉक्टर आम्ल लावून धुतात. दुसरे म्हणतात, आमच्याकडे एकाच द्रवात काम होतं, पैसे थोडे जास्त. कुठे जावं? (निपाणी)

त्या द्रवात आम्ल आणि प्रायमर (सिमेंट चिकटावं म्हणून आधी लावायचा पातळ थर) एकत्र असतात. दातावर चोळायचा, हवेने पसरवायचा, धुवायचं नाही. एक पायरी वाचते, म्हणून लाळ फार येणाऱ्या लहान मुलांना तो सोयीचा. पण तोंडात ब्रॅकेट टिकण्यात दोन्ही पद्धतींत फार फरक पडत नाही. नुसत्या द्रवासाठी जादा पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दात कोरडा ठेवायला गाल ओढून धरणारं साधन, कापूस आणि लाळ ओढणारी नळी नीट वापरतात का आणि मदतीला माणूस असतो का, हे बघून डॉक्टर निवडा.

दात जरासा ओला असला तरी चालणारं, फ्लोराइड सोडणारं ग्लास आयोनोमर जातीचं सिमेंटही मिळतं. त्याची पकड थोडी कमी. सगळ्यात मागच्या दाढा कोरड्या राहतच नसतील, तर मी तेच निवडते.

माझं बालपण गदग जिल्ह्यातल्या मुंडरगीत गेलं. दातांवर तपकिरी डाग आहेत. वय २८, आता चिकोडीत असते. मला तार बसेल का? (चिकोडी)

बसेल. तिकडच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि असं पाणी लहानपणी पिण्यात आलं की एनॅमलचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही. म्हणून तो थर आधी हलका घासून घ्यावा लागतो, आम्लही जास्त वेळ ठेवतात. तुमच्यासाठी मी धुवायची जुनी पद्धतच घेईन. एकत्र द्रवातलं आम्ल बहुधा सौम्य असतं. जिथे एनॅमल खड्डे पडून ठिसूळ झालंय, तिथे ब्रॅकेट काढताना कपचा उडू शकतो. म्हणून सुरुवातीलाच दातांचे फोटो काढून घ्यायला सांगा.

आम्लाने दात कायमचे खराब होतात का? (अथणी)

नाही. १९५५ मध्ये अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी ही पद्धत मांडली तेव्हा आम्ल ८५ टक्क्यांचं होतं, आज साधारण ३७ टक्के वापरतात. झीज मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजावी लागते. खरी भीती ब्रॅकेटभोवती साचलेल्या अन्नाने पडणाऱ्या पांढऱ्या डागांची आहे. रात्री झोपण्याआधी फ्लोराइडच्या पेस्टने, ब्रॅकेटच्या वरून आणि खालून, ब्रश झालाच पाहिजे.